न झालेल्या सभेची हजेरी

अभ्यासिकेची किल्ली मुठीत दाबून मेघना पाचव्या खुर्चीवर बसली. त्र्यंबककाकांनी, म्हणजे विद्यापीठाच्या या उपकेंद्रात सभांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कारकुनांनी, बोटाने माणसं मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. नऊ जणांच्या समितीतले पाच हजर. सभा भरायला पाचच लागतात. असं काही पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

नियम यंदाचा. विद्यार्थी प्रतिनिधीला अभ्यासिकेत राखीव टेबल आणि किल्ली, पण सभांना पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. प्रतिनिधी म्हणून मेघना आधीच्या पाचही सभांना आलेली. दर वेळी ती आणि काका, दोघंच. बाकीचे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, निदान फोनवर तरी तसंच सांगत. अर्धा तास वाट बघून काका 'सभा झाली नाही' असं लिहीत. न झालेल्या सभेची हजेरी कशी मांडणार, म्हणून हजेरीपट न उघडताच कपाटात जाई. परिणामी मेघनाच्या नावापुढे शून्य टक्के. आजचा एकमेव विषय: किल्ली परत घ्यावी का.

किल्ली गेली तर उरली कळव्याची खोली. तिथे सहा माणसं, एक टीव्ही. परीक्षेला तीन आठवडे.

"विषय तुमचाच आहे," अध्यक्षा सरोज मॅडम म्हणाल्या. "नियमाप्रमाणे तुम्ही बाहेर थांबा."

मेघना बाहेर गेली. दार लागलं आणि लगेच उघडलं.

"आत ये गं," काका म्हणाले. "तू गेलीस की चारच उरतात. सभा मोडते."

ती आत आली. पाच झाले, म्हणून विषय निघाला. विषय निघाला, म्हणून ती बाहेर. तिसऱ्या खेपेला ती उंबरठ्यावरच थांबली. तिथला माणूस आत धरायचा की बाहेर, यावर नियमावली उघडली गेली. नियमावलीत उंबरठा नव्हता. मॅडम पाणी प्यायल्या आणि त्यांनी सभा तहकूब केली. काका हजेरीपट घेऊन कपाटाकडे निघाले.

मेघना त्यांच्या मागे गेली.

"काका, म्हणजे आजही मी आले नाही?"

"सभाच झाली नाही. तू येणार कुठे?"

"आणि समजा, मी खरंच आले नसते तर?"

"पाच भरले नसते. सभा झाली नसती. मग गैरहजेरी तरी कसली?"

"आणि किल्ली?"

"निर्णय होईपर्यंत तुझ्याकडेच."

मेघनाची किल्लीवरची मूठ सैल झाली.

टेबलाशी सरोज मॅडमनी डायरी उघडली होती. बाकीचे चौघे सदस्य तर यादीतच असतात, पण आजचे आम्ही चौघं गुरुवारी नक्की येऊ, असं त्यांनी जाहीर केलं. मग मेघनाकडे न बघताच विचारलं,

"तुम्हाला काय, कुठलाही दिवस चालतो. नाही का?"

आजवर चालत आला होता. मेघनाने चारही चेहरे एकेक करून पाहिले. मग किल्ली दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन शेवटपर्यंत ओढली.

"गुरुवारी घोडबंदरला फार ट्रॅफिक असतं, मॅडम."

मॅडमनी समजून मान हलवली. ती निघाली तेव्हा त्र्यंबककाकांनी दार उघडून धरलं, बाकीच्या सदस्यांसाठी धरतात तसं. इतके दिवस तिचं ती उघडत होती.