करवलीचे तीन दिवस

योगेश्वरीचा हिशेब सरळ होता. हळद लागलेल्या नवरीला कोणी काम सांगत नाही, आणि तिच्याजवळ बसणाऱ्या करवलीलाही उठवत नाही. शनिवारी ताईचं लग्न, रविवारी नीटची परीक्षा. बाबांनी तिसऱ्यांदा बसू देणार नाही म्हणून बजावलं होतं. जीवशास्त्राला तीन दिवस फुकटात मिळाले होते.

राजकुमारीताई हळदीच्या हातांनी पुस्तक धरून प्रश्न विचारत राहिली. मधेच म्हणाली, "योगी, मले भेव लागून राहिला वं."

"ते नंतर सांगजो ना ताई! पुढचा प्रश्न विचार, लवकर."

ताईनं पान उलटलं.

शनिवारी बिदाईच्या वेळी योगेश्वरीचे अकरा धडे झाले होते. पानोपानी पिवळी बोटं उमटली होती. भेव कशाचं, ते विचारायचं राहिलं. ते घेऊन ताई एकटीच गाडीत बसली.