मी, कुसाबाईची घंटा

मी घंटा बोलतेय. हसू नका. बोलणं हेच माझं काम. शंभराहून जास्त वर्षं तेच करत आलेय. आजवर एकच शब्द बोलत होते, आज जरा जास्त बोलणार आहे, एवढंच.

माझ्या अंगावर १८८९ हा आकडा आहे. मला कुणी ओतलं, कुठं ओतलं, ते आठवत नाही. आपला जन्म कुणाला आठवतो? नाशकातल्या एका चर्चच्या मनोऱ्यात मला टांगलं, तिथपासूनचं मात्र सगळं आठवतं. अंग माझं काशाचं आणि पोटात मऊ लोखंडाचा लोलक. लोक त्याला माझी जीभ म्हणायचे.

दोर ओढणारे पुष्कळ झाले. कुणी अर्धवट झोपेत ओढायचा, कुणी घरचा राग माझ्यावर काढायचा. मग कुसाबाई आली. घंटा वाजवणारा तिचा नवरा अचानक गेला आणि दुसरा माणूस मिळेपर्यंत म्हणून तिनं दोर हातात घेतला. तो दुसरा माणूस एकतीस वर्षांत कुणाला सापडला नाही! बुटकी, काटक बाई. पदर खोचायची, वर माझ्याकडे एकदा बघायची आणि ओढायची. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, रविवारी नऊ. ताप असो, पाऊस असो, चुकली म्हणून नाही.

ती नेमकी माझ्याखाली उभी राहायची. त्यामुळं तिचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. हे पाप माझं आहे आणि ते मी मान्य करते. तिनं मात्र कधी तक्रार केली नाही. म्हणायची, "दोरातून हाताला कळतं की मला. कान काय करायचेत?"

१९९८ साली चर्चमध्ये भोंगा आला. कॅसेट लावली की घंटा वाजते म्हणे! वीज गेली की गप्प बसणारी घंटा! मला मनोऱ्यातून खाली उतरवलं. उतरवताना लोलक निसटला, फरशीवर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. मी मुकी झाले.

चर्चचे मुख्य पंच चिमाजीराव म्हणाले, "हिला आता भट्टीत घाला. काशाची भांडी तरी होतील."

कुसाबाई मध्ये उभी राहिली. "हरसूलच्या पुढं डोंगरात एक पाडा आहे. तिथली माणसं रुळाचा तुकडा बडवून प्रार्थनेला बोलावतात. त्यांना द्या."

"मुकी घंटा देऊन चर्चचं हसं करायचंय का?" चिमाजीराव माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. "ठीक आहे. रविवारी सकाळी नऊला मी स्वतः तिथं येतो. वाजली तर राहू दे. नाही वाजली, तर सोमवारी भट्टी."

त्या दिवशी बुधवार होता. कुसाबाईनं त्यांच्या ओठांवरून सगळं वाचलं आणि म्हणाली, "नऊला या. उशीर करू नका."

नाशकातल्या एका कारखान्यात पोलादी लोलक तयार होता, पण तिनं तो हातात घेऊन परत ठेवला. माझ्या अंगापेक्षा लोलक कडक झाला, तर चार टोल्यांत मी तडकते. तिच्याच काळात एकदा माझा लोलक बदलला होता; तो मऊ लोखंडाचा लोलक कुणी घडवला होता, ते तिला ठाऊक होतं. सटाण्याच्या लोहारानं. तो आता नव्हता, पण त्याचा मुलगा देवराम होता.

तिच्या शेजारी बहिरू राहायचा. मखमलाबादेत त्याचा झेंडूचा मळा आणि दारात एक खटारा टेम्पो. त्या वर्षी दसऱ्याला लागूनच गांधी जयंती, मग शनिवार, रविवार. सगळं नाशिक फिरायला निघालेलं. गुरुवारी, दसऱ्याच्या सकाळी, पंचवटीत झेंडू विकून तो आला आणि तिच्यासमोर उभा राहून ओरडला, "मावशी, चार दिवस मोकळा हाय मी. चला!"

"ओरडू नको, दिसतं मला," कुसाबाई म्हणाली. "देवानं गंमतच केली बघ. बहिरू तुझं नाव आणि बहिरी मी."

उरलेल्या झेंडूच्या ढिगात मला आडवी घातली आणि निघालो. मी एवढं जग कधी बघितलंच नव्हतं. पाऊस नुकता सरलेला, दिंडोरीपुढं सगळं हिरवंगार, रस्त्यात खड्डे मात्र भरपूर. वणीला गडावरून उतरलेल्या बायकांनी टेम्पो अडवला. झेंडूत बसलेली घंटा बघून त्यांना वाटलं, देवीलाच चालली. एकीनं तर हळदीकुंकूही लावलं.

"अवो, चर्चची घंटा हाय ती!" बहिरू कावराबावरा झाला.

"हाय तर हाय. घंटाच हाय ना?" असं म्हणून बाईनं अक्षताही टाकल्या.

कुसाबाईला काही ऐकू आलं नाही, पण माझ्या कपाळावरचं कुंकू बघून ती हसली. पुसलं नाही तिनं ते. मला फार बरं वाटलं.

सटाण्याला पोचलो आणि तिथं घोटाळा झाला. देवरामच्या लोहारशाळेत भट्टी थंड. ऐरण, घण, सांडस, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, वर झेंडूच्या माळा. देवराम हात जोडून म्हणाला, "आज नही, माय. आज हत्यारस्नी पूजा शे."

घ्या! दसऱ्याच्या दिवशी लोहाराकडं निघालो आणि कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. बहिरूच्या तर घरी सकाळी विळ्याखुरप्यांची पूजा झालेली! कपाळावर हात मारत त्यानं मावशीला खुणेनं सांगितलं. मला वाटलं, आता संपलं. तीन दिवस, त्यातला एक असाच गेला.

कुसाबाईनं एकदा पाटावरच्या हत्यारांकडे बघितलं. मग म्हणाली, "पूजा करू दे की त्याला. ही माझं हत्यार आहे. हिलाही तिथंच ठेवा म्हणावं."

देवरामनं पाटावरची हत्यारं जरा सरकवली. मग त्यानं आणि बहिरूनं मला ऐरणीशेजारी ठेवलं. माळ घातली. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं माळा उतरवल्या आणि म्हणाला, "पहिलं काम तुनं, माय." आपल्या पूजेत बसलेल्या वस्तूला तसंच परत पाठवायला त्याचं मन धजेना.

शुक्रवारी लोलक झाला. कुसाबाईनं त्यावर कानस फिरवली आणि मान हलवली. "कडक आहे. घाईनं पाण्यात बुडवलास." देवराम चिडला. ज्या बाईला ऐकू येत नाही, तिनं लोखंडाचं सांगावं? त्यानं हातातली सांडस आपटली. कुसाबाईनं शांतपणे त्याचं बोट धरलं आणि कानशीच्या ओरखड्यावर ठेवलं. ओरखडा जेमतेम उमटला होता. देवरामनं पुन्हा भट्टी पेटवली. शनिवारी दुपारी दुसरा लोलक झाला, राखेत हळूहळू निवू दिलेला. पण वाजवून बघायला तिनं नकार दिला. "ही टांगल्यावर बोलेल. फरशीवर नाही." म्हणजे वाजेन की फुटेन, ते मलासुद्धा माहीत नव्हतं. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू!

रविवारी पहाटे दोनलाच सटाण्याहून निघालो. त्र्यंबक गेलं, घाट गेला, हरसूल गेलं आणि पाड्याच्या अलीकडं टेम्पो चिखलात रुतला. साडेसात. भिमाबाई नावाची एक बाई डोंगर उतरून आली, तीच तिथं रूळ बडवायची. तिनं हाक मारली, आठ गडी आले. बांबूला बांधून मला खांद्यावर घेतलं. लोलक मात्र कुसाबाईनं कुणाला दिला नाही. पिशवीत घालून, काखेत धरून ती सत्तरीच्या घरातली बाई तो चढ चढली. दोनदा बसली. दोनदा उठली.

बुधवारीच निरोप गेल्यामुळं पाड्यातल्यांनी सागाचे दोन खांब रोवून ठेवले होते. नऊला पाच मिनिटं असताना मला टांगलं, लोलक अडकवला. चिमाजीराव हातात घड्याळ घेऊन समोर उभे. कुसाबाईनं पदर खोचला, माझ्याकडे बघितलं आणि ओढलं.

मी बोलले!

डोंगरातून माझा आवाज परत माझ्याकडेच आला आणि मी दचकले. तो माझा जुना आवाज नव्हता. जाडसर झाला होता, किंचित फाटका. पण मी तडकले नाही. नऊ टोले झाले. पाड्यातली माणसं उंबरे ओलांडून बाहेर आली. चिमाजीरावांनी घड्याळ खिशात टाकलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

कुसाबाईनं दोर सोडला आणि पुढं येऊन आपला तळवा माझ्या अंगावर टेकवला. मी वाजत असताना, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मनोऱ्यात मी उंचावर होते ना, तिचा हात कधी पोचलाच नव्हता.

"कशी वाजली रे?" तिनं विचारलं.

बहिरूचे डोळे भरले होते. "पहिल्यासारखीच, मावशी. अगदी तश्शी!"

"खोटं नको बोलू." तिचा हात तसाच होता. "घोगरी झालीय. म्हातारी झाली माझ्यासारखी." "पण बोलतेय."

तिच्या तळव्याखाली माझा नाद हळूहळू निवला. कान मी घेतले होते तिचे. त्या दिवशी तिनं मला हातानं ऐकलं.

त्याला आता दहा वर्षं झाली. कुसाबाई पाच वर्षांपूर्वी नाशकात वारली. निरोप घेऊन बहिरूच आला होता, त्याच टेम्पोतून. आमच्यात गेलेल्या माणसाच्या वयाइतके टोले देतात. भिमाबाईनं वय विचारलं, तर बहिरू म्हणाला, "तिला वय विचारायची कुणाची छाती होती?" मग भिमाबाईनं मोजलंच नाही. हात भरून येईपर्यंत ओढत राहिली.

आता भिमाबाईच मला वाजवते, कधी तिची सून. माझ्या खांबाला थोडी वाळवी लागलीय, दोर दोनदा बदलला. लोलक तोच आहे. शेवटचा टोला झाला की जी वाजवते ती पुढं येते आणि माझ्या अंगावर तळवा टेकवते. परवा नवे पाद्रीबाबा आले, त्यांनी विचारलं, ही रीत कुठली? कुठल्या पुस्तकात आहे?

"पुस्तकात नाय," भिमाबाई म्हणाली. "कुसामावशीनं केलं होतं. म्हणून करायचं."

पाद्रीबाबांनी पुढं होऊन आपलाही हात टेकवला.

माझं मागणं फार मोठं नाही. उद्या इथंही भोंगा येईल; येऊ दे. मला खाली उतरवा, हरकत नाही. पण शेवटच्या दिवशी, शेवटच्या टोल्यानंतर, कुणीतरी तळवा टेकवा. तेवढं झालं की मी गप्प बसेन.