कनवटीचा नवरा

“थांबा थांबा, गोपाळभाऊ. तुमी कमरंला काय खोचलं म्हनलाव?”

केवळाबाईचा पेढा तोंडाजवळ जाऊन तिथेच थांबला.

“सुपारी,” गोपाळ म्हणाला. “घराच्या वास्तुशांतीला नवरा-बायकोनं जोड्यानं बसावं लागतंय. आमची तर गेली. मंग गुरुजी म्हनले, तिच्या जागंवर सुपारी खोचा. खोचली. झाली पूजा.”

“बायकू म्हनून सुपारी चालली?”

“चालली की. अन् बसली बी गपचिप.”

एवढं बोलून गोपाळ स्वतःच हसला आणि मग कोणी मागितले नसताना पेढ्यांचा डबा दुसऱ्यांदा फिरवू लागला.

ही बैठक होती एकल पालक संघटनेची, सेलू तालुका. जागा त्रिवेणीअक्कांच्या फॉल-पिकोच्या दुकानामागची पडवी. संघटना म्हणजे काय, तर नवऱ्याशिवाय लेकरं वाढवणाऱ्या डझनभर बाया आणि बायकोवाचून पोरगा वाढवणारा एकटा गोपाळ, एसटीचा कंडक्टर. संघटना निघाली ती शाळेतल्या एका कारकुनामुळे. अक्कांच्या विरेशच्या कागदावर वडिलांचीच सही लागते म्हणून तो अडून बसला. अक्का म्हणाल्या, “आणते की. त्यांचा वरचा पत्ता तेवढा द्या.” कारकून शहाणा असता तर तिथेच गप्प बसला असता. तो म्हणाला, “नियम म्हणजे नियम.” त्या दिवसापासून सेलूतल्या एकाही कचेरीला अक्कांनी सुखाने बसू दिलं नाही.

मोर्चा निघाला की एक पंचाईत मात्र ठरलेली. साहेब कोणीही असो, तो गोपाळलाच खुर्ची द्यायचा, गोपाळलाच ‘बोला’ म्हणायचा आणि अक्का बोलायला लागल्या की गोपाळकडे बघून मान हलवायचा. शेवटी बायांनी गोपाळला दाराबाहेर चपला राखायला बसवलं, तेव्हा कुठे आईची सही चालवून घेण्याचं काम झालं. गोपाळने ते मनाला लावून घेतलं नाही. संघटनेत आपल्याला काहीतरी काम आहे याचाच त्याला आनंद होता.

केवळाबाई या संघटनेत बोलायची कमी. देवगाव फाट्यावर तिचा चहा-भज्यांचा गाडा. नवरा रायभान पुण्याला वॉचमन म्हणून गेला तेव्हा विजयमाला रांगत होती. तिकडे त्याने दुसरा संसार थाटला आणि इकडचा विसरून गेला. मेला असता तर केवळाबाईला विधवा म्हणून काही मिळालं असतं, सोडचिठ्ठी दिली असती तर निदान एक काय ते झालं असतं. पण या माणसाने काहीच केलं नव्हतं. तो नुसता नव्हता. कढईसमोर उभं राहून, हातांवर तेलाचे डाग घेत तिने पोरगी वाढवली, शिकवली, परभणीच्या एका दवाखान्यात नर्स केली. आता मानवतच्या मुलाशी विजयमालाचं लग्न ठरलं होतं.

आणि कन्यादानाला बसणार होते दीर मल्हार आणि त्याची बायको. कारण कन्यादान जोड्यानेच करायचं असतं. पुतणीच्या बारशाला, गोवराला, शाळेला जो माणूस आपली मेंढरं सोडून कधी फिरकला नाही, त्याने या कामासाठी फेटासुद्धा आणून ठेवला होता. केवळाबाईने हे मुकाट्याने गिळलं होतं. त्या पेढ्यापर्यंत.

“मंग मला कामून न्हाई?” ती म्हणाली.

“काय कामून न्हाई?”

“सुपारी! यांना बायकू न्हाई तर सुपारी. मला नवरा न्हाई तर दीर-जाऊ? मी कामून खोचू न्हाई?”

मग सगळ्या बाया एकदम बोलू लागल्या. एक म्हणाली, आपल्या मागण्यांत हे बसत नाही. दुसरी म्हणाली, देवाधर्माच्या भानगडीत नको. तिसरीला सुपारी चिकणी घ्यायची की साधी, हा प्रश्न पडला. अक्कांनी टेबलावर कात्री आपटली.

“आमच्यात कन्यादानाची ही रीत न्हाई, त्यामुळं मला त्यातलं कळत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पण यांना चालतंय आणि हिला चालत न्हाई, एवढं मला बरोबर कळतंय. उद्या गुरुजींकडं जायचं.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या ओसरीवर शिष्टमंडळ गेलं. गोपाळ सवयीने चपलांजवळ बसू लागला, तर अक्कांनी त्याला ओढून आत नेलं. आज तो पुरावा होता.

गुरुजी सत्तरीचे, सावकाश बोलणारे. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “बाईच्या कमरेला सुपारी सांगितलेली नाही.”

“नको म्हनून सांगितलंय का?” केवळाबाईने विचारलं.

“तसंही नाही.”

“मंग?”

“आजवर कोणी मागितली नाही, बाई.”

“आता मी मागायले की.”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पण तुझा नवरा हयात आहे ना?”

“हाय की. पुन्यात हाय. धडधाकट हाय म्हनत्यात.”

“मग अडचण आहे. हयात माणसाच्या जागी सुपारी...”

“गुरुजी,” गोपाळ हळूच म्हणाला, “मागच्या साली तुमी त्या इंजिनेरसायबाला खोचली होती की. त्यांच्या बाई अमेरिकेत होत्या. सुट्टी मिळाली न्हाई म्हनून.”

गुरुजींनी गोपाळकडे असं पाहिलं की त्याला आपली चपलांजवळची जागा आठवली.

“आता बगा,” केवळाबाई पुढे सरकली. “अमेरिकेतल्या मानसाची सुपारी व्हती, अन् पुन्यातल्याची व्हत न्हाई? पुनं काय लय जवळ हाय का? मला तर इतक्या सालात एकदा बी घावलं न्हाई.”

गुरुजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही हे शिष्टमंडळाला नक्की सांगता आलं नाही. “पुरुषाला उपरणं असतं, करदोटा असतो,” ते म्हणाले. “तू खोचणार कुठे?”

“कनवटीला. गाड्यावरची सगळी चिल्लर तिथंच ऱ्हाती माझी. कदी पडली न्हाई.”

गुरुजींनी एकदा अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाले, “संकल्प झाला की कार्य उरकेपर्यंत तिला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी काढायची नाही. जमेल?”

“जित्त्या नवऱ्याला जमलं न्हाई, तिला जमंल,” केवळाबाई म्हणाली.

ही बातमी फाट्यावर पोचायला एक बस पुरली. भजी खायला थांबणारे लोक आता सुपारी बघायला थांबू लागले. “मावशी, नवरा कुठं ठिवलाव?” असं एका ड्रायव्हरने विचारलं, तेव्हा तिने त्याला जादा मिरचीची भजी दिली. चिडला फक्त मल्हार. तो गाड्यावर येऊन उभा राहिला आणि चहासुद्धा न पिता म्हणाला, “वयनी, दिराची इज्जत एका सुपारीएवढी बी न्हाई का?”

“इज्जत हाय म्हनून तर तुमाला तरास देत न्हाई, भाऊजी. तुमी निवांत पंगतीला बसा.”

“लोक हसायलेत.”

“हसू द्या. इतकी सालं कुठं रडत व्हते?”

मल्हार गेला तो थेट पुण्याला फोन लावायला. आपल्याला नाही तर नाही, पण बाईच्या कमरेला सुपारी लागता कामा नये, असा त्याचा बाणा होता.

लग्न सेलूच्या एका मंगल कार्यालयात होतं. अक्षता पडल्या, बँड वाजला, पाहुणे पंगतीकडे पळाले. कन्यादानाचे पाट मांडले गेले. केवळाबाई नवी हिरवी साडी नेसून एकटी पाटावर बसली. शेजारचा पाट रिकामा. गुरुजींनी संकल्प सांगितला, सुपारीवर अक्षता टाकल्या आणि तिच्या हातात दिली. केवळाबाईने ती कनवटीला खोचली आणि वरून दोनदा थोपटली. संघटनेच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. लग्नात इथे टाळ्या वाजवायच्या नसतात हे अक्कांनी डोळे वटारून सांगितलं, पण तोवर नवरदेवाच्या मित्रांनीही वाजवून टाकल्या होत्या.

तेवढ्यात दारातून रायभान आला.

केसांना ताजा कलप, पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर मल्हारनेच टाकलेलं उपरणं. मांडवात एकदम गलका झाला. “बाप आला! पोरीचा बाप आला!” जणू दुकानापर्यंत तंबाखू आणायला गेलेला माणूस परत आला होता. मानवतचे पाहुणे खूश झाले. त्यांच्यातले एक वडीलधारे म्हणाले, “लय झ्याक झालं. आता जोड्यानं बसा. ती सुपारी-बिपारी काढून टाका.”

विजयमाला एकदाच वर बघून पुन्हा मान खाली घालून पाटाच्या कडेला बोट घासत राहिली. वडील तिने फोटोतच पाहिले होते, आणि त्या फोटोत केस पिकलेले नव्हते म्हणून कलपामुळे तिला ते लगेच ओळखू आले.

रायभान पाटापाशी येऊन उभा राहिला. “सरक जरा,” तो म्हणाला.

केवळाबाईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. तिला राग येईल असं तिला वाटलं होतं, रडू येईल असंही वाटलं होतं. पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की हा माणूस किती बुटका आहे.

“जागा भरलीया,” ती म्हणाली.

“कुठं भरलीया? पाट तर रिकामा हाय.”

“तुमी आदीच बसलाव इथं.” तिने कनवट थोपटली. “आता परत कशे बसताव?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. रायभानचं तोंड तांबडं झालं. “गुरुजी, सांगा हिला. मी जित्ता मानूस हाय!”

सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. अक्कांनी पदर खोचला. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“संकल्प झाला आहे,” ते सावकाश म्हणाले. “कार्य उरकेपर्यंत सुपारी काढता येत नाही. ती असताना तुम्हाला बसवलं, तर या बाईला दोन नवरे होतील. ते मला चालणार नाही.”

मांडव असा हसला की आचारी झारे घेऊन बघायला आले. मानवतच्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा फेट्याचं टोक तोंडाला लावलं. गोपाळला कंठ फुटला. बसमधला त्याचा आवाज त्याने मांडवात लावला, “चला, चला, पुढं सरका! पंगत मोकळी हाय! उभ्यानं थांबू नगा!” आणि रायभानच्या पाठीला हात लावून त्याला मल्हारशेजारी पानावर नेऊन बसवलं. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता जेवू लागले. पण बुंदी दोघांनीही मागून घेतली.

मांडव शांत झाला. गुरुजींनी काशाचं भांडं मांडलं. खाली नवरदेवाची ओंजळ, त्यावर विजयमालाची, मेंदीने भरलेली, आणि सगळ्यांत वर केवळाबाईची. धार धरायला जोडीदार नव्हता, म्हणून तांब्या गुरुजींनी स्वतः घेतला. मंत्र सुरू झाला. पाणी केवळाबाईच्या हातांवरून लेकीच्या हातांवर आणि तिथून खालच्या भांड्यात पडू लागलं.

विजयमालाची बोटं आईच्या हातांखाली गार पडली होती. लहानपणी फाट्यावर ट्रक आले की केवळाबाई हीच बोटं घट्ट धरायची आणि गाडी जाईपर्यंत सोडायची नाही.

“आता हात काढून घ्यायचा,” गुरुजी म्हणाले.

केवळाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

“दिली म्हणायचं, आणि हात काढून घ्यायचा,” त्यांनी पुन्हा सांगितलं.

ती या पाटासाठी दिराशी भांडली होती, गुरुजींशी भांडली होती, भर मांडवात नवऱ्याला हुसकावून बसली होती. एवढं करून इथे बसायचं ते पोरगी देऊन टाकण्यासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं निराळं आणि हात उचलणं निराळं. तिची ओंजळ जागची हलेना. बोटांवर भज्यांच्या तेलाचे जुने डाग होते, आणि ती बोटं लेकीच्या मेंदीवर घट्ट मिटत चालली होती.

“आई,” विजयमाला हळूच म्हणाली. केवळाबाईने मान हलवली, पण हात काही काढला नाही.

धार थांबली. तांब्यातलं पाणी संपलं होतं. मानवतचे वडीलधारे घड्याळ बघू लागले. बँडवाला दारातून डोकावून विचारून गेला, वाजवू का म्हणून. अक्का पुढे झाल्या, तर गुरुजींनी नुसत्या नजरेने त्यांना थांबवलं.

मग त्यांनी रिकामा तांब्या भरून आणायला सांगितला. तो येईपर्यंत ते कोणाकडेच बघत नव्हते. तांब्या आला तेव्हा त्यांनी घसा साफ केला, बारीक धार धरली आणि तोच मंत्र, जरा सावकाश, परत पहिल्यापासून म्हणायला घेतला.