एकटीचाच हितसंबंध

आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या मंडळावर सात जण आहेत आणि सातही जण देवभोळे. सभा प्रार्थनेने सुरू होते, प्रार्थनेनेच संपते, आणि मधे जे चालतं ते देवाने एकदा बसून ऐकलं तर तो या गावाचं तोंड पाहणार नाही. मी अफ्रिये, मंडळाची चिटणीस. मला मताचा अधिकार नाही. अकरा वर्षं मी नुसतं इतिवृत्त लिहितेय.

त्या आठवड्यात दुमसोरने, म्हणजे आमच्याकडच्या भारनियमनाने, कहर केला होता, रोज दुपारी बारा ते संध्याकाळी सहा वीज गायब. मोठा जनरेटर जळालेला, आणि जुन्यावर एकच विभाग चालायचा. एक तर शवागार, नाहीतर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष. कुठला, ते बुधवारच्या सभेत ठरायचं होतं.

यात ठरवायचं काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे माणूस मेला की सहा-सहा आठवडे शवागारात राहतो. तोवर मंडप, बँड, परदेशातली मुलं, सगळं जुळवायचं असतं. रुग्णालयात कमाई करणारा विभाग तोच. आणि त्या वेळी तिथे आमच्या चेअरमनसाहेबांची, अदुसेईंची, सासू होती. शनिवारी अंत्यविधी, चौकाचौकात म्हातारीचे फलक लागलेले.

“विषयात कुणाचा वैयक्तिक हितसंबंध असेल तर सांगा,” साहेबांनी नेहमीच्या सुरात विचारलं. हा प्रश्न नियमाने विचारावाच लागतो, आणि उत्तर सवयीने एकच येतं. पाद्रीबाबा म्हणाले, नाही. डॉक्टर म्हणाले, नाही. “माझाही नाही,” साहेब म्हणाले. मनगटाला सुतकाची लाल पट्टी बांधून म्हणाले!

“माझा आहे,” दुफी मावशी म्हणाली.

ही बाजारात टोमॅटो विकते. बाजारातल्या बायकांची प्रतिनिधी म्हणून मंडळावर आलेली, तिची ही दुसरीच सभा.

“नातू आहे ना माझा काचपेटीत. नऊ दिवसांचा. दीड किलोसुद्धा भरत नाही. पेटी बंद पडली की गार पडतं लेकरू. म्हणून म्हटलं, आहे बाई संबंध.”

साहेबांचा चेहरा असा खुलला की मला शिसारी आली.

“प्रामाणिकपणाबद्दल आभार, मावशी. पण नियम म्हणजे नियम. ज्याचा हितसंबंध, त्याने चर्चेला बसायचं नाही.”

“अहो, पण मी खरं तेच सांगितलं ना?”

“म्हणूनच तर. अफ्रिये, दार उघड.”

मी उठले आणि दार उघडलं. मावशी माझ्याकडे बघत बाहेर गेली.

पुढचं पाच मिनिटांत उरकलं. “मृतांचा मान राखणं हा आपला धर्म आहे,” पाद्रीबाबा म्हणाले. “बाळांचं काय, आईच्या छातीशी धरली की झालं,” असं खुद्द डॉक्टर बोलले आणि बुटांकडे बघत राहिले. सहा हात वर गेले.

“लिही, सर्वानुमते,” साहेब म्हणाले.

सहीआधी इतिवृत्त मोठ्याने वाचायचं, हाही नियमच. मी वाचलं, “चेअरमन अदुसेई यांनी हितसंबंध नाही असे सांगितले. त्यांच्या सासूबाई शवागारात खण क्रमांक चारमध्ये आहेत. श्रीमती दुफी यांनी हितसंबंध आहे असे सांगितले, त्यांना बाहेर काढण्यात आले. नंतर बाळांना वीज न देता ती मृतांना द्यावी असे सर्वानुमते ठरले.” पुढे सहाही नावं, हुद्द्यांसकट.

“हे काय लिहिलंयस? खोड ते!”

“पानांवर आकडे छापलेत, साहेब, पान फाडता येणार नाही. खोडलं तर खोडाखोडीवर तुमचीच सही लागेल.”

साहेबांनी रजिस्टर पाद्रीबाबांपुढे सरकवलं. “करा सही.”

“आधी तुम्ही करा की.”

डॉक्टरांना एकाएकी कुणी रुग्ण आठवला. हात वर करताना कुणाचंच काही गेलं नव्हतं, पेन धरायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे लुळे पडले. एकानेही सही केली नाही.

रजिस्टर उचलून मी तडक जनरेटरच्या शेडमध्ये गेले. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, वीज गेलेलीच होती. आमचा वायरमन बासित हुकमाची वाट बघत बसला होता.

“काय ठरलं?”

“सही नाही, म्हणजे ठराव नाही. तुझ्या अकलेने कर.”

त्याने क्षणभरही विचार केला नाही. बाळांच्या कक्षाची लाइन जोडली.

मी कक्षात पोचले तेव्हा नर्स बाळाला पुन्हा पेटीत ठेवत होती. इतका वेळ त्याला मावशीच्या लेकीने छातीशी बांधून ठेवलं होतं. ओठ निळे पडले होते. हळूहळू, खूप हळू, रंग परत यायला लागला.

“मावशी, झालं काम,” मी म्हटलं. मला वाटलं, ही माझे हात धरेल.

तिने मान वर केली नाही. “खोटं बोलले ते आत बसले. मी खरं बोलले, तर मला तू बाहेर काढलंस.”

“साहेबांनी सांगितलं म्हणून, मावशी...”

“त्यांची सासू आहे तिथे, त्यांचं मी समजू शकते,” मावशी म्हणाली. “तुझं कोण ठेवलंय गं शवागारात?”