आश्रुबांनी कोरलेले पाच आकडे

मी गंगाखेडच्या आश्रुबांची पेटी बोलतेय. कपडे ठेवायची नव्हे हो, सुरांची! वय विचारू नका. भाता दोनदा बदललाय, कडीही मूळची नाही, पण आवाज अजून ठणठणीत आहे. आणि हो, थोडी मिजास आहे माझ्यात. का आहे, तेच सांगते.

आश्रुबांनी मला परभणीच्या बाजारातून जुनीच विकत आणली. ते साखर कारखान्यात कामाला आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीचे पेटीमास्तर. चौदा एप्रिल जवळ आला की आम्हा दोघांना घास गिळायची फुरसत नसे. आज या गावी, उद्या त्या गावी. त्यांना शिकवायला गुरू कुणी नव्हता. म्हणून त्यांनी काय केलं, तर खिळा घेऊन माझ्या पाच काळ्या पट्ट्यांवर आकडे कोरले. एक ते पाच. दुखलं हो, खोटं कशाला बोलू?

पण मोजण्यात घोळ झाला. काळ्या पट्ट्या आधी दोन, मग तीन अशा घोळक्यानं बसतात. सारं जग दोनच्या घोळक्यापासून मोजतं, आमचे आश्रुबा तीनच्या घोळक्यापासून मोजत बसले. म्हणजे जगाची काळी तीन ती यांची काळी एक, आणि जगाची काळी पाच ती यांची काळी तीन! पार्टीत कुणाला पत्ता लागला नाही, कारण ढोलकीवाला आकडा न विचारता नुसत्या कानानं ढोलकी लावायचा. मला ठाऊक होतं. पण मला आवाज दिलाय, बोलणं कुठं दिलंय?

पुढं नात धम्मशीला माझ्यासमोर बसू लागली. काय गळा पोरीचा! चौदाव्या वर्षी ती आजोबांच्या पुढं गेली, तेव्हा आश्रुबांनी परभणीच्या राजेश्रीबाईंना गाठलं. बाई मोजक्याच मुलींना गाणं शिकवतात. "माझ्याजवळचं समदं देऊन झालं बाई. आता पोरीला तुमी पदरात घ्या," आश्रुबा म्हणाले. बाई म्हणाल्या, "रविवारी घरी येऊन ऐकते, मग सांगते."

शनिवारी तबलजी परमेश्वरमास्तरांचा फोन आला. कोणत्या पट्टीचा तबला आणू, पोरीचा सा कुठं लागतो? धम्मशीलानं बिनधास्त सांगितलं, "काळी तीन." माझा भाताच बसला.

रविवारी सकाळी बैठकीत सतरंजी अंथरली. गल्लीतल्या बाया दारापर्यंत दाटीनं बसल्या. धम्मशीलानं आपला नेहमीचा सा धरला, मास्तरांनी थाप मारली आणि कानात खडा गेल्यासारखं झालं.

"अगं, काळी तीन म्हणली होतीस न्हवं? ही तर काळी पाच वाजवायलीस!" मास्तर म्हणाले. तबला एकाच सुराला लावलेला, आणि दुसरा त्यांनी आणलाच नव्हता.

आश्रुबांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे म्या इतकी वर्सं उलटं मोजलं?" ते पुटपुटले. "बाई, पोरीचा काई दोष न्हाई. चूक माझी हाय."

"असू द्या. तबल्याशिवाय गाऊ दे तिला," बाई म्हणाल्या.

पण धम्मशीला माझ्या पट्ट्यांकडं टक लावून बघत होती. मग तिनं मान वर केली. "न्हाई बाई. मास्तर, तुमचा तबला ऱ्हाऊ द्या."

आणि तिनं बोट ठेवलं आजोबांच्या एकवर, म्हणजे जगाच्या काळी तीनवर. गायचा होता भूप, पाचच सुरांचा राग. एकवर सा, दोनवर रे, तीनवर ग, चारवर प, पाचवर ध. अख्खा राग त्या पाच आकड्यांत! एका पांढऱ्या पट्टीला हात लावायची गरज नाही. पट्टी तिच्या गळ्याला खालची, पहिला सूर जरा थरथरला. मग असा काही मोकळा झाला की दारातल्या बाया पदर सावरायला विसरल्या. तबला आणि मी एका जिवानं वाजत होतो. माझी तर छाती फुटायची बाकी राहिली!

गाणं संपलं तसं बाईंनी वाकून माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "इथूनच का मोजलंत हो?"

आश्रुबांनी हात जोडले. "शिकवायला कुणी नव्हतं बाई. मला वाटलं, माझं गाणं जिथून सुरू होतंय, तिथून मोजायचं."

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून हिला परभणीला पाठवा. आणि पेटी हीच आणायची."

संध्याकाळी आश्रुबा आकडे घासायला पॉलिशपेपर घेऊन बसले. धम्मशीलानं त्यांचा हातच धरला. "आबा, खबरदार!"

आता दर रविवारी मी तिच्या मांडीवर बसून रेल्वेनं परभणीला जाते. तिथल्या मुली विचारतात, तुझी पट्टी कोणती? ती ताठ मानेनं सांगते, "जगाची काळी पाच, आमच्या आबांची काळी तीन."

माझं एवढंच मागणं आहे. भाता फाटला तर बदला, लाकडाला रंग द्या, पण त्या पाच आकड्यांना कुणी हात लावू नका. आमचं गाणं तिथल्या एकपासून सुरू होतं.