नावाची मूठ

अहो, कुरकुर ऐकून पुढे जाऊ नका. ही माझी तक्रार नाही, माझी बोलायची रीतच अशी आहे. मी देवळीतल्या हर्षाच्या ओसरीत बसलेला लाकडी घाणा. जवस, तीळ, शेंगदाणे, करडई, जे पोटात टाकाल त्याचं तेल काढून देतो. पूर्वी आमच्या जातीला बैल जुंपायचे, मला मोटर आहे. म्हणून मी अंगानं जरा आजकालचा, पण स्वभावानं जुन्या माणसांसारखा बडबड्या.

माझं लाकूड बाभळीचं. बांधावरची काटेरी बाभूळ, कुणी सावलीला बसायचंही तिच्याखाली टाळायचं. सुतारानं तिच्या बुंध्यातून माझं उखळ कोरलं आणि एका जाड फांदीची लाट केली. लाट म्हणजे उखळात गरगर फिरून दाणे चिरडणारा माझा दांडा. काम संपल्यावर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारून "जमलं बापा!" म्हटलं आणि बिडी पेटवली. मला तेवढ्यानंही केवढं बरं वाटलं.

मला मागवलं ते हर्षानं. हर्षा शेतकऱ्याच्या घरची लेक आणि व्यापाऱ्याच्या घरची सून. तिचा नवरा धीरज बाजारात किराणा दुकान चालवतो. दुकानात रोज पाकिटातलं तेल खपताना पाहून तिच्या मनानं घेतलं, की आपल्या शिवारात जवस-तीळ पिकतं, तर तेलही आपणच का काढू नये? धीरजनं आधी हसण्यावारी नेलं, मग भांडण काढलं, शेवटी हो म्हणाला. तरी टेम्पोतून मला उतरवताना त्याचं तोंड चाललंच होतं.

"आई, घरात घाना! मंग याले बैल कोन, मी का?"

दारातून मंदाबाई, म्हणजे त्याची आई आणि हर्षाची सासू, फटकन बोलल्या, "तू कायले? मोटर हाय त्याले. तुह्यापेक्षा कमी कुरकुर करन."

हसली मंडळी. पण मला ठेवायचं कुठे? दुकानात जागा नाही, अंगणात पावसाची भीती. तेव्हा मंदाबाईंनीच सांगितलं, "माह्या ओसरीत ठेवा."

ती ओसरी त्यांची होती हो. नवरा गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस तिथंच जायचा. वाती वळायच्या, शेजारणींशी बोलायचं, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याची चौकशी करायची. माझ्यापायी त्यांनी आपली खाट उचलून मागच्या अंधाऱ्या खोलीत नेली. कुणी काही बोललं नाही. घरचंच माणूस, घरचीच जागा, त्यात काय बोलायचं?

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. हर्षानं शेंगदाणे नीट वाळवले नाहीत, घाईनं माझ्यात ओतले आणि तेल गढूळ निघालं. थोड्याच दिवसांत त्याला वास सुटला. एक बाई तर भरल्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन आली आणि पायरीवर ठेवून निघून गेली. त्यानंतर हर्षाचं जेवणावरचं लक्ष उडालं. डोकं सारखं दुखायचं. धीरजनं "चहा घे" म्हटलं तरी खेकसायची. चारचौघे तेलाची तारीफ करून जायचे, पण तिच्या कानात मुक्काम करायचा तो नाक मुरडणारा एकटा. एकदा तर माझ्या उखळाला टेकून ती हमसून हमसून रडली. मी लाकूड, मी काय करणार?

अशात तिची आई आनंदाबाई गावाहून आली. डोक्यावर जवसाचं गाठोडं. लेकीचं उतरलेलं तोंड तिनं पाहिलं, काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "काय वं हर्षा, पेरनीच्या दिवशी आपल्या घरी पयली मूठ कशी टाकत, भुलली का?"

"कोनाचं तरी नाव घेऊन टाकत."

"हो. ज्यानं बियानं देल्लं त्याचं, ज्यानं बैलजोडी देल्ली त्याचं. नाव घ्याचं, कायच्यासाठी घेतलं ते सांगाचं, अन् मूठ सोडाची. तसंच कर इथं रोज."

"त्यानं काय होते माय?"

"पीक जास्त येते असं काई नाई. पन मानूस एकटा पेरून नाई राह्यला, हे ध्यानात राह्यते."

दुसऱ्या दिवसापासून रीत सुरू झाली. मोटर लावायची, ओंजळभर पाण्याचा हबका मारायचा आणि पहिली मूठ नावानं सोडायची. आधी हर्षाला लाज वाटे, ओठातल्या ओठात पुटपुटे. मग आवाज मोकळा झाला. "ही मूठ किसनरावच्या नावानं. त्यायनं जवस चाळून, वाळवून आनला, एक खडा नाई त्यात." "ही वायरमनभाऊच्या नावानं. लाइन गेली तं जेवत्या ताटावरून उठून आले." आणि एका सकाळी तिनं मूठ उचलून पायरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ही त्या बाईच्या नावानं, जिनं खवट तेल वापस आनून देल्लं. गावात बोंब नाई मारली, मले आनून देल्लं."

नुसतं म्हणून थांबली नाही. नवं तेल घेऊन त्या बाईच्या घरी गेली, चूक कबूल केली, चहा पिऊन आली. ती बाई आज तिचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक आहे आणि भांडायलाही सगळ्यात पक्की आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं धंदा आभाळाला टेकला असेल. छे! नाव घेतल्यानं माझ्यातून जास्त तेल निघत नाही, ते दाण्यात असतं तेवढंच निघतं. पण हर्षा बदलली. रोज एक नाव शोधायचं म्हणजे आदल्या दिवसभर माणसांकडे नीट बघावं लागतं. कोण काय करून गेलं हे टिपावं लागतं. त्या टिपण्यात तिची धास्ती पातळ झाली. चुका व्हायच्याच, पण चुकीनं ती आडवी पडेनाशी झाली. पोटभर जेवू लागली, झोपू लागली, धीरजच्या फालतू विनोदांवरसुद्धा हसू लागली. ऐन संक्रांतीच्या तोंडावर, तिळाच्या गर्दीत माझी मोटर जळाली, तेव्हा मला वाटलं, आता ही पुन्हा रडणार. तिनं पदर खोचला आणि दोन-चार फोन लावले. वायरमन धावत आला, किसनरावांनी "तीळ राहू दे तुह्याकडं, माही घाई नाई" म्हटलं, गिऱ्हाइकांनी कळ काढली. ज्यांची नावं मनापासून घेतली होती, ती माणसं तिच्यासाठी आपली झाली होती.

पण एक गोष्ट मला खुपत होती, आणि मला तोंड असूनही ती सांगता येत नव्हती.

माझ्या शेजारी पाटावर मंदाबाई बसायच्या. सकाळपासून सुपात दाणे पाखडायच्या, खडे वेचायच्या, माझ्यातून निघालेली गरम ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, फोडून ठेवायच्या. हर्षानं मूठ उचलली, की त्यांचं सूप थांबायचं. हर्षा कुणाचं तरी नाव घ्यायची, आणि सूप पुन्हा हलायला लागायचं. किसनराव झाले, वायरमन झाला, टेम्पोवाला झाला, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणारी शेजारची पोरगी झाली. मंदाबाईंचं नाव काही येईना.

हर्षाचं मन खोटं होतं का? अजिबात नाही. सासूवर तिचा जीव होता. पण आपल्याकडे एक भलतीच समजूत आहे बघा. आभार मानायचे ते बाहेरच्याचे. घरच्याला तसं काही म्हटलं, तर तो म्हणणार, "मले परकं केलं का?" त्या भीतीनं माणसं सगळ्या गावाचे गोडवे गातात आणि ज्यांच्या हातचं खातात त्यांच्यापुढे मुकी होतात.

अशात सिंदीहून अंकितचा फोन आला. अंकित हा मंदाबाईंचा धाकटा. सिंदीला त्याचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. तो म्हणाला, आई, आता इकडेच ये, कायमची. मंदाबाईंनी फोन ठेवला आणि सूप हलवत हलवत, जणू काही सहजच, हर्षाला म्हणाल्या, "अंकित बलावून राह्यला. म्हनते, आता इकडंच राह्यजो."

बाई गं, ऐक, त्या काय विचारताहेत ते ऐक! मी मनातल्या मनात ओरडलो. पण हर्षाला सासूच्या सुजलेल्या गुडघ्यांची काळजी. ती मायेनंच बोलली.

"जा नं आई. लय दगदग झाली तुमाले इथं. दाने निवडाले मी लावतो एखादी बाई."

मंदाबाईंचा हात सुपातच राहिला. "हो, लाव," त्या म्हणाल्या. "दाने काय, कोनी बी निवडते."

इतकं वाईट मला माझ्या अंगावर कुऱ्हाड पडली तेव्हाही वाटलं नव्हतं. माझ्यासाठी जिनं जागा सोडली, ती माझ्या डोळ्यांदेखत घर सोडायला निघाली होती. आणि सोडू देणारीला कळतही नव्हतं की आपण काय घालवतोय.

जायचा दिवस उजाडला. पायरीवर पिशवी तयार. धीरज गाडी पुसत बाहेर उभा, आईला बसस्टँडवर सोडायला. हर्षा आत वाटेसाठी दशम्या बांधत होती. मंदाबाई एकट्याच ओसरीत आल्या. माझ्या उखळावर हात ठेवून म्हणाल्या, "चाल रे कुरकुऱ्या, जातो मी."

मग इकडे तिकडे पाहिलं, मोटर लावली आणि टोपलीतल्या तिळाची मूठ उचलली.

"ही मूठ हर्षाच्या नावानं. माह्ये मालक गेल्यावर मी या ओसरीत नुसती बसून राहो. म्हाताऱ्या मानसाले लोकं आराम देतात. या पोरीनं मले काम देल्लं."

मूठ सुटली. मागे दशम्यांचा डबा हातात घेऊन हर्षा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. डबा तिथंच टेकवून ती पुढे आली.

"आई, तुमी माह्यं नाव घेतलं?"

"मंग? घेऊ नाई का?"

"मी तं तुमचं एक बी दिवस नाई घेतलं." हर्षा म्हणाली. "मले वाटे, घरच्याचं नाव घेतलं तं परकं केल्यावानी होते."

"मले बी तसंच वाटे वं," मंदाबाई म्हणाल्या. "पन कान आयकत नाई नं कोनाचं. रोज वाट पाहेत बापा."

हर्षानं दोन्ही हातांनी तीळ उचलले. "ही ओसरी देल्ली म्हनून!" माझ्यात टाकले. पुन्हा ओंजळ. "ही पयलं खवट तेल आपल्याच भाजीत घालून खाल्लं अन् तोंड वाकडं नाई केलं म्हनून!" पुन्हा ओंजळ. "ही माह्यं डोकं दुखे तवा मले न उठवता सारा सयपाक केला म्हनून! ही धीरजले रागावल्या म्हनून! ही—"

अहो, पण माझ्या पोटाला काही मर्यादा? लाट कण्हली, अडली आणि जागच्या जागी थांबली. मोटरचा पट्टा घसरून जळका वास सुटला.

"बंद कर वं मोटर!" मंदाबाई ओरडल्या. "घाना हाय का पोतं हाय? कोंबून राह्यली आपली!"

त्यांनी पदर खोचला, लोखंडी सळई घेतली आणि माझ्या उखळात कोपरापर्यंत हात घालून घट्ट बसलेला लगदा उकरायला लागल्या. हर्षा रडत, हसत दुसऱ्या बाजूनं उकरायला लागली. दोघींच्या तोंडाला तेल, हाताला तेल, लुगड्याला तेल. धीरज बाहेरून हाका मारून थकला आणि आत आला.

"आई, बस गेली नं!"

मंदाबाईंनी मान वर केली नाही. "जाऊ दे. अंकितले फोन लाव. सांगजो, आई कामात हाय."

त्याला आता बरेच दिवस झाले. मीही थकत चाललो आहे. उखळाला बारीक चीर गेली आहे, लाट झिजून बारीक झाली आहे, सुतार येतो आणि पाचर ठोकून जातो. एक दिवस माझ्या जागी नवा येईल. माझी तक्रार नाही, बाभळीच्या लाकडाला याहून चांगलं आयुष्य कुठलं? तुमचं दुकान असो, कारखाना असो, नाहीतर भाजीची गाडी असो, एवढं ऐका. सकाळी हात कामाला लावण्याआधी कुणाचं तरी नाव घ्या. आणि जे सगळ्यात जवळ बसलं आहे, त्याचं त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं घ्या. परकं कुणी होत नाही, मी पाहिलंय.

बस चुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मूठ मंदाबाईंनी उचलली. मला वाटलं, आता धीरजची पाळी. तोही मान ताठ करून उभा राहिला होता बिचारा.

"ही या घान्याच्या नावानं," मंदाबाई म्हणाल्या. "हा अडकला नसता, तं मी गेली असती."