दोन्ही पाय

तिने वाळूच्या पोत्यावर बूट आपटला आणि काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाकडे पाहिलं. त्याने अंगठा दाखवला. कोपऱ्यातल्या खुर्चीतून वडील मात्र म्हणाले,

"लाथ मारतं का कुणी आपल्या माणसाला?"

चित्रपटांसाठी पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाज करणं हे तिचं काम. स्टुडिओत तिला सगळे 'खडखड' म्हणत. या वेळचा चित्रपट रणगाड्यातल्या चौघांचा होता, आणि वडिलांनी तरुणपणी रणगाडा चालवलेला. घरी युद्धाचा विषय निघाला की त्यांना हटकून तहान लागे. ते उठून जात आणि विषय बदलल्यावरच परत येत. आज मात्र स्टुडिओत यायला एका शब्दात तयार झाले होते.

"आत इतका गोंगाट, हाक ऐकू येत नाही," ते म्हणाले. "हेडफोन बंद पडले की वर बसलेले साहेब पायाने सांगायचे. उजव्या खांद्यावर पाय म्हणजे उजवीकडे वळ. डाव्या म्हणजे डावीकडे. दोन्ही म्हणजे थांब."

त्यांनी पोतं बाजूला सारलं आणि माईकसमोर ठेंगण्या स्टुलावर बसले.

"मागच्या टेबलावर बस. माझ्या खांद्यावर दाब."

"बाबा, तुम्हाला पाय कसा लावू?"

"कामात लाज कसली? उजवा."

तिने बूट काढून पाय ठेवला. लहानपणी या खांद्यावर ती कधी बसली नव्हती. ते तिला नेहमी डाव्यावरच घ्यायचे. पाय दाबताच वडिलांच्या मुठी वळल्या, समोर नसलेल्या, रणगाडा वळवायच्या दोन दांड्यांवर.

"आता ढिला सोड. झोप लागल्यासारखा."

तिने सोडला.

"हाच," ते म्हणाले. "हाच होता."

"काय हाच?"

"त्या दिवशी मी उजवीकडे वळलो. डावीकडे आपलाच दुसरा रणगाडा चिखलात रुतला होता. त्यांना तसंच टाकून वळलो. म्हटलं, हुकूम आहे. डिझेल संपेपर्यंत चालवत राहिलो. मग वर पाहिलं, तर साहेब केव्हाच गेले होते." त्यांनी खांद्यावरच्या पायाकडे पाहिलं. "पाय दाबला होता की नुसता पडला होता, इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. आज कळलं."

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने हळूच रेकॉर्डिंगचा लाल दिवा मालवला.

तुमची काय चूक, तुम्हाला कसं कळणार, असं तिला म्हणायचं होतं. पण वडिलांच्या मुठी अजून वळलेल्याच होत्या. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

तिने डावा पाय उचलला आणि दुसऱ्या खांद्यावर ठेवला. मग दोन्ही पाय नीट दाबले.

मुठी एकेक बोट करत सुटल्या, आणि हात मांडीवर येऊन पडले.